शंका विचारा : रँडम आकड्यांसाठी मागे वेगळा थ्रेड ठेवावा का?

गेल्या अंकात माँटे कार्लो पद्धतीवर, म्हणजे रँडम आकडे वापरून उत्तर काढण्यावर, लिहिलं होतं. पद्धत समजली की नाही यावर एकही पत्र नाही. आली ती सगळी 'प्रोग्राम रखडतो' अशी. त्यातली चार घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली, कारण पत्रासोबत कोड आणि मेकफाइल दोन्ही होतं, आणि असं पत्र आलं की माझी बाकीची कामं मागे पडतात.

प्रश्न : ताई, मी भौतिकशास्त्रात पीएच.डी. करतोय. द्विमितीय आयझिंग मॉडेल (चुंबकाचं साधं मॉडेल, जाळीच्या प्रत्येक घरात वर किंवा खाली असा एक स्पिन) सी प्लस प्लसमध्ये लिहिलं आहे, जाळी १०२४ गुणिले १०२४, साधी मेट्रोपोलिस पद्धत, रँडम आकडे मर्सेन ट्विस्टर या जनरेटरचे. 'पर्फ' या वेळ मोजणाऱ्या साधनाने मोजलं तर सुमारे ४० टक्के वेळ रँडम आकडे काढण्यातच जातो. म्हणून मागे एक थ्रेड, म्हणजे त्याच प्रोग्रामच्या आत समांतर चालणारं दुसरं काम, चालू केला. तो आकडे काढून क्यूमध्ये टाकतो, मुख्य थ्रेड तिथून एकेक उचलतो, मध्ये म्यूटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप (लॉक). प्रोग्राम कित्येक पटींनी हळू झाला आणि शेवटी 'अबॉर्टेड' लिहून मरतो. आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही, त्यामुळे दर तासाला सगळी स्थिती फाइलमध्ये ठेवतो. थ्रेड दुरुस्त करू की काढून टाकू? — एक वाचक, नांदेड

उत्तर : मरण्याचं आधी उरकू. सी प्लस प्लसमध्ये थ्रेडची वस्तू नष्ट होते त्या क्षणी तुम्ही त्याला 'जॉइन' (तो संपेपर्यंत थांबणं) किंवा 'डिटॅच' (मोकळं सोडणं) केलेलं नसेल, तर भाषा थेट 'टर्मिनेट' बोलावते. तुमचा मागचा थ्रेड 'व्हाइल ट्रू'मध्ये फिरतोय, त्याला थांब म्हणून कुणी सांगितलेलंच नाही. एक 'थांब' फ्लॅग ठेवा. काम संपलं की तो उभा करा, थ्रेड कंडिशन व्हेरिएबलवर, म्हणजे इशाऱ्याची वाट बघत, झोपला असेल तर त्याला उठवा, मग जॉइन करा. उठवायचं राहिलं तर प्रोग्राम मरणार नाही, पण संपणारही नाही, नुसता बसून राहील.

आता वेगाचं. ते ४० टक्के ज्या मोजणीतून आले, तिच्यावर माझा विश्वास नाही. तुमच्या मेकफाइलमध्ये 'ओ-टू', म्हणजे कंपायलरला कोड वेगवान करायला सांगणारा पर्याय, कुठेही दिसला नाही. मर्सेन ट्विस्टर आणि त्याच्यावरचं दशांश आकडा बनवणारं वेष्टन हे सगळं टेम्प्लेटचं प्रकरण आहे. ऑप्टिमायझेशन बंद असेल तर एका आकड्यासाठी फंक्शनच्या आत फंक्शन अशा पाच-सहा पायऱ्या खऱ्याखुऱ्या चढाव्या लागतात. ओ-टू लावला की त्यातल्या बऱ्याचशा विरघळतात. तुमचाच कोड मी तसा चालवला, तेव्हा रँडम आकड्यांचा वाटा बराच खाली आला. तेव्हा आधी तो लावा, पुन्हा मोजा.

तरीही धरून चालू की ४० टक्के खरे आहेत. मागचा थ्रेड अगदी आदर्श चालला, एका क्षणाचीही वाट पाहावी लागली नाही, तर काय मिळेल? उरलेले ६० टक्के काम तुम्हालाच करायचं आहे. म्हणजे १०० मिनिटांचा प्रोग्राम ६० मिनिटांवर येईल, त्याखाली नाही. १.६७ पट ही कमाल मर्यादा झाली. जीन अॅम्डाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हिशेब तो हाच. प्रोसेसरचा दुसरा कोअर पूर्ण राबवून हाती एवढं येणार, हे लक्षात ठेवून पुढे वाचा.

हळू का झाला, याचं उत्तर नॅनोसेकंदांत आहे. मर्सेन ट्विस्टरला एक आकडा काढायला साधारण दोन-चार नॅनोसेकंद पुरतात. म्यूटेक्स लावायचा आणि काढायचा, तेही दुसरं कुणी आडवं येत नसताना, यालाच पंधरा-वीस नॅनोसेकंद लागतात. दोन थ्रेड एकाच म्यूटेक्सवर झगडायला लागले की हरलेल्याला ऑपरेटिंग सिस्टीम झोपवते आणि नंतर उठवते, मग खर्च मायक्रोसेकंदांत जातो. वर क्यूची आतली मांडणी एका कोअरच्या कॅशमधून (त्याच्याजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीतून) दुसऱ्याच्या कॅशमध्ये सारखी ये-जा करते. पोह्यांच्या फोडणीसाठी मोहरीचा एकेक दाणा आणायला वाण्याच्या दुकानात जावं, तसं चाललंय हे.

म्हणून थ्रेड ठेवायचाच असेल तर आकडे एकेक द्यायचे नाहीत, गठ्ठ्याने द्यायचे. दोन बफर, म्हणजे आकडे साठवायच्या दोन जागा, घ्या. मागचा थ्रेड एक भरत असतो तेव्हा पुढचा दुसऱ्यातून वाचत असतो. वाचून झालं की अदलाबदल. लॉक फक्त अदलाबदलीच्या वेळी. एका बफरमध्ये १६,३८४ आकडे ठेवलेत तर तेवढ्या आकड्यांमागे एकदाच लॉक पडतो आणि आकड्यागणिक त्याचा खर्च मोजण्यातही येत नाही. वाचताना पुढच्या थ्रेडला फक्त एक निर्देशांक वाढवायचा असतो, आणि वाचन सलग असल्यामुळे प्रोसेसर पुढच्या ओळी आधीच ओढून ठेवतो.

बफर केवढा असावा, याबद्दल लोक फार उदार असतात. 'मेमरी भरपूर आहे, दहा कोटी आकडे एकदम काढून ठेवू' असं करू नका. आठ बाइटचे दहा कोटी आकडे म्हणजे ८०० एमबी. ते कॅशमध्ये मावत नाहीत, मुख्य मेमरीत जाऊन परत येतात, आणि तुमची जाळीही त्याच रस्त्याने जात असते. १६,३८४ आकडे ३२ बिटांचे ठेवलेत तर ६४ केबी, दोन बफर मिळून १२८ केबी. हे कॅशमध्ये राहतं. याच्या मागेपुढे दोन-तीन आकार आजमावून बघा, फरक थोडाच पडेल.

एक बारीक खोच. 'बफर भरला' आणि 'बफर रिकामा' हे दोन अॅटॉमिक (एका दमात बदलणारे) फ्लॅग मेमरीत शेजारी ठेवलेत तर ते ६४ बाइटच्या एकाच कॅश-ओळीत पडतात. मग एक थ्रेड आपला फ्लॅग बदलतो आणि दुसऱ्याच्या कॅशमधली ओळ बाद होते, कारण नसताना. प्रत्येकाला 'अलाइन-अॅज ६४' लावा, म्हणजे ते वेगवेगळ्या ओळींत पडतील.

३२ बिटांचे आकडे ठेवा असं मी आत्ता म्हटलं, त्यामागे तुमच्या मॉडेलबद्दलचं कारण आहे, आणि खरी कमाई तिथेच आहे. मेट्रोपोलिसमध्ये स्पिन उलटवल्यावर ऊर्जा किती बदलेल ते बघतो. चार शेजारी असलेल्या जाळीत हा फरक पाचच किमती घेऊ शकतो : उणे ८, उणे ४, ०, ४ आणि ८. पहिल्या तिन्हींत स्पिन उलटवायचाच आहे, रँडम आकडा लागतच नाही. तुमचा कोड मात्र आधी आकडा काढतो आणि मग विचारतो की लागणार होता का. उरल्या दोन शक्यता. त्यांच्यासाठी तुम्ही दर वेळी 'एक्स्प' (घातांक काढणारं फंक्शन) बोलावता, जे आकडा काढण्याइतकंच किंवा त्याहून महाग आहे. आणि त्या दोनच तर किमती आहेत! क्रांतिक तापमानाला (ज्याच्या वर चुंबकत्व नाहीसं होतं), म्हणजे सुमारे २.२६९ ला, ऊर्जा ४ ने वाढवणारा बदल स्वीकारण्याची शक्यता ०.१७१५७ आणि ८ ने वाढवणारा स्वीकारण्याची ०.०२९४४. सुरुवातीलाच दोन्ही काढा, २ च्या ३२ व्या घाताने गुणा, पूर्णांक करून ठेवा : पहिला सुमारे ७३ कोटी ६९ लाख, दुसरा सुमारे १२ कोटी ६४ लाख. मग जनरेटरने दिलेला कच्चा ३२-बिटी आकडा याहून लहान असेल तर स्पिन उलटवा. दशांशात रूपांतर नाही, घातांक नाही.

शिवाय ३२-बिटी मर्सेन ट्विस्टरकडून दशांश 'डबल' मागितला की ५३ बिट भरायला तो आतून दोन आकडे खर्च करतो. पूर्णांकाची तुलना केलीत की तो दुसरा आकडा वाचतो. एवढं करून पुन्हा पर्फ लावा. मग मागच्या थ्रेडची गरज उरली आहे का, ते तुम्हीच सांगा.

थ्रेड ठेवलात तर एक गोष्ट चांगली राहते, ती सांगायला हवी. आकडे भरणारा एक आणि वाचणारा एक, असं असेल तर आकड्यांचा क्रम बदलत नाही. सीड (जनरेटरला दिलेला सुरुवातीचा आकडा) तोच दिला तर थ्रेडविना आणि थ्रेडसह दोन्ही निकाल शेवटच्या अंकापर्यंत सारखे यायला हवेत. हीच तुमची चाचणी : दोन्ही आवृत्त्या छोट्या जाळीवर चालवा, दर फेरीची ऊर्जा छापा, दोन फाइलींवर 'डिफ' लावा. एका ओळीचा फरक आला तरी अदलाबदलीत घोळ आहे. मात्र वाचणारे चार थ्रेड करून तेच बफर त्यांच्यात वाटलंत तर कुठला आकडा कुणाला मिळेल हे ऑपरेटिंग सिस्टीमच्या मर्जीवर जातं. मग तोच सीड देऊनही रोज वेगळं उत्तर येईल, आणि कोडमधली चूक शोधायची वेळ आली की रडाल.

आता लाइटचा मुद्दा. तासातासाला स्थिती ठेवता ते उत्तम, पण थ्रेड घातल्यापासून ती चुकीची ठेवताय. तुम्ही फाइलमध्ये जनरेटरची त्या क्षणाची स्थिती लिहिता. मर्सेन ट्विस्टरची स्थिती म्हणजे ३२ बिटांचे ६२४ शब्द आणि एक निर्देशांक, अडीच केबी, लिहायला काहीच नाही. पण मागचा थ्रेड पुढे धावलेला असतो. जनरेटर जिथे आहे तिथपर्यंतचे आकडे सिम्युलेशनने अजून वापरलेले नसतात. लाइट गेली, परत आली, तुम्ही फाइलवरून सुरू केलंत, की बफरमधले न वापरलेले सगळे आकडे गायब. उत्तर चुकीचं येईल असं नाही, पण न थांबता चालवलेल्या प्रोग्रामशी ते जुळणार नाही. म्हणून प्रत्येक बफर भरायला घेण्याआधी जनरेटरची प्रत त्या बफरसोबत ठेवायची. फाइलमध्ये लिहायचं ते हे : सध्या वाचतोय त्या बफरची सुरुवातीची प्रत आणि त्यातला कितवा आकडा चालू आहे. पुन्हा सुरू करताना ते बफर नव्याने भरून तितके आकडे सोडून द्यायचे.

मी तुमच्या जागी असते तर थ्रेड काढून टाकला असता. तुम्हाला ऊर्जेचा आलेख हवाय, त्यासाठी वीसेक तापमानं. प्रत्येक तापमान हे स्वतंत्र काम आहे, एकाचं दुसऱ्याशी बोलणं नाही. चार कोअर असतील तर चार तापमानं एकाच वेळी चालवा, प्रत्येकाला वेगळा जनरेटर द्या. चारही कोअर खऱ्या कामात गुंतलेले असताना मागचा थ्रेड बसणार कुठे? तो त्यांच्याच वेळेतला वाटा खाईल. माझ्या घरच्या लॅपटॉपवर सिस्टीम आठ प्रोसेसर दाखवते, पण आत कोअर चारच आहेत. त्या आकड्याला भुलून आठ भारी कामं लावली की पंख्याचा आवाज तेवढा दुप्पट होतो. आणि एकाच मोठ्या जाळीत कामाची वाटणी करायची असेल तर चेकरबोर्ड पद्धत वापरा, सम आणि विषम घरं आळीपाळीने.

मागचा थ्रेड शोभतो तो वेगळ्या ठिकाणी. एकच लांब साखळी आहे, तिचे तुकडे होत नाहीत, बाजूचे कोअर मोकळे आहेत, आणि हवे आहेत ते साधे आकडे नसून तयार माल आहे : गॅमा वितरणाचे, किंवा एकमेकांशी सहसंबंध असलेल्या सामान्य वितरणाचे. तिथे एका आकड्यामागे काम जास्त, म्हणून देवाणघेवाणीचा खर्च परवडतो. तरी तिथेही आधी पद्धत बदलून बघावी. १९५८ ची बॉक्स-म्युलर पद्धत लॉगॅरिदम, वर्गमूळ आणि कोसाइन मागते. मार्साग्लिया आणि त्सांग यांनी २००० मध्ये दिलेली झिगुराट बहुतेक वेळा एक गुणाकार आणि एक तुलना एवढ्यात भागवते.

जाता जाता, घाईत जनरेटर बदलणार असाल तर थांबा. १९९२ मध्ये फेरेनबर्ग, लँडाउ आणि वाँग यांनी याच आयझिंग मॉडेलवर, १६ गुणिले १६ च्या जाळीवर, जनरेटर तपासले. एवढ्या छोट्या जाळीचं अचूक उत्तर गणिताने काढता येतं. 'आर-२५०' हा तेव्हाचा वेगवान आणि नावाजलेला जनरेटर वोल्फच्या, स्पिनचे गट एकदम उलटवणाऱ्या, क्लस्टर पद्धतीत ऊर्जा चुकीची देत होता, आणि ज्याला सगळे नाकं मुरडत तो साधा गुणाकारी जनरेटर बरा निघाला. तुमच्यासाठीही तीच कसोटी आहे. याच मॉडेलचं ऑन्सागर यांनी १९४४ मध्ये काढलेलं अचूक उत्तर सांगतं की अनंत जाळीत क्रांतिक तापमानाला दर स्पिनमागे ऊर्जा उणे १.४१४२. तिथे प्रोग्राम फार संथपणे स्थिरावतो, म्हणून त्याच्या थोडं वर आणि थोडं खाली अशा दोन तापमानांना तुमची ऊर्जा ऑन्सागरशी पडताळून पाहा, मगच मोठ्या जाळीला हात घाला.

प्रश्न : मॅडम, विम्याच्या गणितासाठी जावामध्ये सिम्युलेशन आहे. एक थ्रेड होता तो आठ केले, 'रँडम'ची वस्तू मात्र एकच ठेवली कारण ती थ्रेड-सेफ आहे असं दस्तऐवजात लिहिलंय. एकाच थ्रेडपेक्षाही वेळ जास्त लागतोय. — एक वाचक, पुणे

उत्तर : थ्रेड-सेफ म्हणजे निकाल बिघडणार नाही, एवढंच. वेगाचं आश्वासन त्यात नाही. जावाच्या 'रँडम'मध्ये सगळी स्थिती एका अॅटॉमिक लाँगमध्ये असते. थ्रेड जुनी किंमत वाचतो, नवी काढतो, आणि मधल्या वेळात कुणी बदललं नसेल तरच लिहितो. बदललं असेल तर पहिल्यापासून. आठ जण एकाच किमतीवर तुटून पडले की एक जिंकतो आणि बाकीच्यांची मेहनत फुकट. 'मॅथ डॉट रँडम' वापरलंत तरी तेच, आत एकच वस्तू सर्वांत वाटलेली असते.

जावा ७ पासून 'थ्रेडलोकलरँडम' आहे, प्रत्येक थ्रेडची स्थिती वेगळी. नेटवर सगळे तेच सुचवतील. पण तुमच्या कामाला ते चालणार नाही, कारण त्याला सीड देता येत नाही. द्यायला गेलात तर ते अपवाद फेकतं. उद्या ऑडिटवाले म्हणाले की मार्चचा आकडा पुन्हा काढून दाखवा, तर दाखवणार काय? जावा ८ मधलं 'स्प्लिटेबलरँडम' घ्या. मुख्य वस्तूला सीड द्या, आणि पॉलिसींचा प्रत्येक गठ्ठा घेताना तिच्यातून 'स्प्लिट' करून एक वस्तू त्या गठ्ठ्याला द्या. थ्रेडला नाही, गठ्ठ्याला. म्हणजे कुठला थ्रेड कुठला गठ्ठा उचलतो याने निकाल बदलणार नाही, आणि आठाचे सोळा थ्रेड केलेत तरी उत्तर तेच राहील. फक्त स्प्लिट करण्याचं काम एकाच थ्रेडमध्ये, ठरल्या क्रमाने, आधीच उरका.

जुन्या 'रँडम'ला तसाही निरोप द्यायची वेळ झाली आहे. त्याची स्थिती ४८ बिटांची, म्हणजे २८१ लाख कोटी पावलांनी तो पहिल्यापासून सुरू होतो. आकडा प्रचंड वाटतो, पण दशांशासाठी तो दर वेळी दोन पावलं खातो, आणि वर्षभर रोज चालणाऱ्या मोठ्या सिम्युलेशनसाठी मी तरी एवढ्यावर विसंबणार नाही.

प्रश्न : मी संख्याशास्त्राचा निवृत्त शिक्षक. आम्ही टिपेटच्या सारणीतून बोट ठेवून आकडे घ्यायचो. तसेच आकडे आधी काढून डिस्कवर ठेवले तर हा थ्रेडचा खटाटोप कशाला? — एक वाचक, सातारा

उत्तर : सर, तुमचं पत्र वाचून मजा आली. टिपेट यांची सारणी १९२७ ची, जनगणनेच्या अहवालांतून उचललेले ४१,६०० अंक. आपल्याकडे महालनोबिस आणि सहकाऱ्यांनी १९३४ मध्ये 'संख्या' या नियतकालिकात सामान्य वितरणाचे तयार नमुने छापले. मी वर 'तयार माल' म्हटलं तो हाच, फक्त कागदावर. आणि १९५५ चं रँड कॉर्पोरेशनचं दहा लाख अंकांचं पुस्तक आधी २०,००० पंच कार्डांवर होतं. यंत्राने काढलेल्या अंकांत कल दिसला म्हणून त्यांनी प्रत्येक कार्डावरचे अंक आधीच्या कार्डावरच्या अंकांत मिळवून, दहाचा हातचा सोडून, पुन्हा नवे अंक केले.

डिस्कचा हिशेब मात्र जमत नाही. वरच्या नांदेडच्या जाळीत १०,४८,५७६ स्पिन आहेत. प्रत्येकाला आठ बाइटचा एक आकडा म्हटलं तर एका फेरीला ८ एमबी, आणि लाखभर फेऱ्यांना ८०० जीबीच्या वर. वेगही पुरत नाही : साधी सॅटा एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते, म्हणजे जेमतेम सव्वासहा कोटी आकडे. तीन नॅनोसेकंदांना एक आकडा काढणारा जनरेटर त्याच सेकंदात ३३ कोटी देतो.

तुमच्या सारणीचा खरा गुण वेगळाच होता : कितव्या पानावरची कितवी ओळ, हे लिहून ठेवलं की तोच आकडा कुणालाही पुन्हा मिळे. हा गुण आता कागदाशिवाय मिळतो. डी. ई. शॉ रिसर्चमधल्या सॅमन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये फिलॉक्स आणि थ्रीफ्राय हे जनरेटर मांडले. त्यांत आधीच्या आकड्यावरून पुढचा काढायचा नसतो. एक किल्ली आणि एक क्रमांक दिला की तो आकडा थेट मिळतो, दहावा असो की दहा अब्जावा. फेरीचा क्रमांक आणि स्पिनचा क्रमांक जोडून दिला की प्रत्येक थ्रेड आपापला आकडा जागच्या जागी काढतो. क्यू नको, बफर नको, स्थिती ठेवायची कटकट नको. पायथनच्या नमपाय या गणिती लायब्ररीत फिलॉक्स आहे, एनव्हिडियाच्या क्यूरँडमध्येही आहे.

प्रश्न : कॉलेजात मुलांकडून पायथनमध्ये रँडम बिंदू टाकून π ची किंमत काढून घेते. चार थ्रेड केले, वेळ तेवढाच. मग मल्टिप्रोसेसिंगने चार प्रोसेस (आपापली मेमरी असलेली स्वतंत्र कामं) केल्या, वेळ कमी झाला, पण चारही प्रोसेसचं उत्तर शेवटच्या अंकापर्यंत एकच! एका मुलाने घरी विंडोजवर तोच प्रोग्राम चालवला तर चार वेगळी उत्तरं. मुलं माझ्याकडे बघतायत. — एक प्राध्यापिका, रत्नागिरी

उत्तर : वर्गात हे घडलं हे छान झालं, पाठ्यपुस्तकातून इतकं पटकन कळलं नसतं. थ्रेडचं कारण जुनंच. नेहमीच्या पायथनमध्ये आतल्या एका लॉकमुळे एका वेळी एकच थ्रेड पायथनचा कोड चालवू शकतो, तेव्हा 'फॉर' लूपमध्ये एकेक बिंदू टाकणारे चार थ्रेड रांगेतच उभे असतात. त्या लॉकशिवायची आवृत्ती ३.१३ पासून वेगळी मिळते, पण लॅबमध्ये ती असणार नाही. नमपायला मात्र एकदम दहा लाख आकडे मागितले तर तो आत गेल्यावर लॉक सोडून देतो. एकच अॅरे घेऊन तिचे चार भाग करा, प्रत्येक थ्रेडला स्वतःचा जनरेटर आणि स्वतःचा भाग द्या, आणि 'आउट' देऊन जागच्या जागी भरायला सांगा. मग थ्रेडही कामाला येतात.

सारख्या उत्तरांचं कारण असं. लॅबच्या लिनक्सवर, पायथन ३.१४ च्या आधीच्या आवृत्तीत, नवी प्रोसेस 'फोर्क'ने बनते, म्हणजे आईची सगळी मेमरी जशीच्या तशी मिळते. त्यात नमपायच्या जुन्या, सर्वांना सामाईक जनरेटरची स्थितीही आली. चार मुलं, चौघांकडे एकच जनरेटर, एकाच पावलावर. विंडोजवर प्रोसेस कोरी सुरू होते, नमपाय नव्याने लोड होतो आणि सीड सिस्टीमकडून घेतो, म्हणून उत्तरं वेगळी. पण फाइलच्या सुरुवातीला कुणी 'सीड ४२' लिहिलं असतं तर विंडोजवरही प्रत्येक प्रोसेसने ती ओळ वाचली असती आणि पुन्हा चौघं जुळे निघाले असते.

मुलांना यातली गंभीर बाजू दाखवा. दहा लाख बिंदूंनी π काढला तर प्रमाणित त्रुटी सुमारे ०.००१६ असते. चार प्रोसेसचे चाळीस लाख बिंदू झाले, म्हणून त्रुटी अर्धी, ०.०००८, असं मुलं वहीत लिहितील. प्रत्यक्षात बिंदू तेच दहा लाख, चारदा मोजलेले. त्रुटी आहे तिथेच. इथे चारही उत्तरं डोळ्यांसमोर छापली होती म्हणून कळलं. नुसती सरासरी छापली असती तर कुणाला पत्ता लागला नसता.

उपाय दोन ओळींचा आहे. नमपाय १.१७ पासून 'सीडसीक्वेन्स' मिळतं. त्याला एक आकडा द्या, 'स्पॉन' करून चार पिल्लं काढा, एकेका प्रोसेसला एकेक द्या, आणि तिच्या आत 'डिफॉल्ट-आरएनजी'ने जनरेटर बनवा. १, २, ३, ४ असे सीड हाताने वाटू नका. एका मुलाने १ ते ४ वापरले आणि पुढच्या बाकावरच्याने ३ ते ६, तर दोघांच्या निकालांत दोन धावा सामाईक होतात आणि सरासरी एकत्र करताना ते कुणाच्याच ध्यानात येत नाही. स्पॉन करताना प्रत्येक गटाने आपला हजेरी क्रमांक मूळ आकडा म्हणून दिला की तेही निस्तरतं.